इंजिन थंड आहे, असं गाडीला सांगतंय कोण?

वाचकाचं पत्र:

"नमस्कार. मी जुळे सोलापुरात राहते. घरी केलेली शेंगा चटणी आणि कडक भाकरी दुकानांना पोच करते. गाडी २०१४ची, पेट्रोल, एमएच १३ पासिंग, ८८ हजार किलोमीटर झालेत. सकाळी एका सेल्फला चालू होते. पण सात रस्त्याला दुकानात माल उतरवून दहा-पंधरा मिनिटांनी परत आले की सेल्फ नुसता फिरत राहतो, इंजिन धरत नाही. चार-पाच वेळा मारला की काळा धूर सोडून चालू होते आणि कच्च्या पेट्रोलचा वास येतो. अ‍ॅव्हरेज आधी १७ पडायचं, आता १२ तरी पडतंय का शंका आहे. मिस्त्रींनी आधी प्लग बदलले, मग एअर फिल्टर, मग बॅटरी. आता म्हणतात फ्युएल पंप गेलाय, नऊ हजार लागतील. मीटरमध्ये इंजिनचा पिवळा दिवा लागलेला नाही. हां, मागच्या उन्हाळ्यात होटगी रोडवर गाडी एकदा गरम झाली होती. तेव्हा त्यांनी आतला वॉल काढून टाकला, त्यानंतर कधी गरम झाली नाही. उलट निळा दिवा हल्ली बराच वेळ जातच नाही. पंप बदलू का? भाच्याकडे मल्टिमीटर आहे. घरी काही बघता येईल का?"
एक वाचक, जुळे सोलापूर

ताई, नमस्कार.

पंप बदलू नका, निदान इतक्यात तरी नको. तुमच्या पत्रातच त्याच्या विरुद्धचा पुरावा आहे. पंप कमजोर झाला की इंजिनला पेट्रोल कमी मिळतं. गाडी चढाला दम टाकते, पिकअप जातो, मागून वेगात येणाऱ्या ट्रकला वाट देताना झटके देते. काळा धूर आणि कच्च्या पेट्रोलचा वास हे मात्र पेट्रोल जास्त होत असल्याचं लक्षण. पंपातला उलट वॉल (पेट्रोल टाकीकडे परत जाऊ न देणारा) गळत असेल तर रात्रभरात लाइनमधलं प्रेशर उतरतं आणि सकाळचा पहिला सेल्फ लांबतो. तुमची गाडी सकाळीच तर एका सेल्फला धरते. तरी खात्री हवी असेल तर फुकटची परीक्षा आहे. पुढच्या वेळी गाडी अडली की चावी फक्त 'ऑन'पर्यंत न्या, मागच्या सीटखाली दोन-तीन सेकंद बारीक घर्र ऐकू येईल, तो पंप. बंद करा, पुन्हा ऑन करा, असं तीनदा. मग सेल्फ मारा. याने काहीच फरक पडला नाही, तर पंपावरचा संशय जवळपास संपला.

बॅटरीचंही तसंच. सेल्फ 'नुसता फिरत राहतो' असं तुम्ही लिहिलंय. बॅटरी मेली असती तर तो फिरलाच नसता, रडत रडत फिरला असता किंवा टक-टक करून गप्प बसला असता. सोलापूरच्या उन्हात बॅटऱ्या लवकर जातात हे खरं, पण तुमची आधीची बॅटरी बहुधा ठीक होती. आता पैसे गेलेच आहेत, तर भाच्याच्या मल्टिमीटरवर नवी एकदा मोजून ठेवा. रात्रभर उभ्या गाडीवर १२.६ व्होल्टच्या आसपास, सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली नको, गाडी चालू असताना साधारण १३.८ ते १४.४. एवढं आलं की बॅटरी आणि अल्टरनेटर दोन्ही विसरा.

एअर फिल्टरबद्दल दोन शब्द लिहितो, कारण अ‍ॅव्हरेज पडलं की सगळे आधी त्याच्याच मागे लागतात. कार्बोरेटरच्या जमान्यात ते बरोबर होतं: फिल्टर तुंबला की हवा कमी, पेट्रोल तेवढंच. इंजेक्शनच्या गाडीत कंप्युटर आत आलेली हवा मोजतो आणि त्या मापानं पेट्रोल सोडतो. फिल्टर तुंबला तर गाडी मठ्ठ होते, अ‍ॅव्हरेजवर त्याचा परिणाम नगण्य. आपल्याकडची धूळ आणि यंत्रमागाच्या भागात उडणारा कापूस बघता फिल्टर वेळेवर बदलावाच, पण सतराचं बारा त्याच्यामुळे झालेलं नाही.

आता मुख्य गोष्ट. 'हां' म्हणून जाता जाता लिहिलेल्या तुमच्या ओळीच सगळ्यात कामाच्या आहेत: काढून टाकलेला वॉल आणि न जाणारा निळा दिवा.

हा वॉल म्हणजे थर्मोस्टॅट. इंजिन थंड असताना तो रेडिएटरकडची वाट बंद ठेवतो, म्हणजे पाणी आतल्या आत फिरून लवकर तापतं. साधारण ८२ ते ८८ अंशांना तो उघडतो. नेमका आकडा त्याच्यावरच कोरलेला असतो. तो काढला की पहिल्या मिनिटापासून सगळं पाणी रेडिएटरमधून फिरतं आणि इंजिनला हवं ते तापमान नीट गाठताच येत नाही. गाडी गरम झाली की 'आपल्याकडं लई ऊन, वॉलची गरजच नाही' म्हणत तो काढून टाकायची पद्धत इथल्या गॅरेजांत जुनी आहे. चालवणाऱ्यालाही बरं वाटतं, इंजिन थंड राहतंय म्हणून. पण पेट्रोल इंजिन ९० अंशांच्या आसपास चालायलाच बनवलेलं असतं. ६०-६५ अंशांवर ते चालत राहिलं तर कंप्युटर समजतो की अजून सकाळच आहे, आणि जुन्या गाडीत चोक ओढून ठेवल्यासारखं जादा पेट्रोल सोडत राहतो. शिवाय काही इंजिनांत वॉल नसला की पाणी आतल्या छोट्या वाटेनंच फिरत राहतं, रेडिएटरकडे पुरेसं जात नाही, आणि गाडी उन्हाळ्यात उलट जास्त तापते.

एवढ्यानं अ‍ॅव्हरेजची बरीच उकल होते. दुकानाबाहेर गाडी का अडते, याची मात्र पुरती होत नाही. त्यासाठी वॉलच्या शेजारी बघायला हवं. बऱ्याच इंजिनांत कूलंटचं, म्हणजे या फिरणाऱ्या पाण्याचं, तापमान मोजणारा सेन्सर थर्मोस्टॅटच्या घरावरच किंवा अगदी लगत बसवलेला असतो. वॉल काढताना मिस्त्रींचा हात तिथूनच गेला असणार. सॉकेट ओढताना त्याची लॉकची पट्टी तुटली, पिन सैल झाली, किंवा पाणी परत भरताना हवा नीट न काढल्यानं सेन्सरचं टोक हवेच्या फुग्यात राहिलं, यातलं काहीही झालेलं असू शकतं. या सेन्सरचा स्वभाव असा की थंडीत त्याचा विद्युतरोध जास्त आणि तापल्यावर कमी. म्हणजे पिनेवर गंज चढून रोध वाढला की कंप्युटरला वाटतं इंजिन थंडगार आहे. गरम इंजिनाला मग तो सकाळच्या थंड इंजिनाचा पेट्रोलचा डोस देतो. तुम्ही सकाळी निघता तेव्हा तो डोस बरोबर असतो, म्हणून गाडी लगेच धरते. दुकानातून परत आल्यावर त्याच डोसनं प्लग भिजतात. समईत वातीवरच तेल ओतलं तर ती पेटेल का? तसं. पिवळा दिवा लागत नाही, कारण सेन्सर बंद पडलेला नाही, तो फक्त चुकीचं पण शक्य कोटीतलं तापमान सांगतोय. (तो दिवा मुळात जिवंत आहे ना, हेही बघा. चावी ऑन केल्यावर तो लागला पाहिजे आणि इंजिन चालू झाल्यावर गेला पाहिजे. जुन्या गाडीच्या व्यवहारात तो बल्बच काढून दिलेला असतो, असे नमुने आहेत.)

घरी काय बघायचं ते सांगतो. पहिल्या दोन गोष्टींना हत्यार लागत नाही, फक्त लक्ष लागतं.

निळा दिवा म्हणजे 'इंजिन अजून थंड आहे'. सकाळी तो लागणं रास्तच आहे. उद्या माल उतरवून परत आलात की सेल्फ मारायच्या आधी चावी ऑन करून मीटरकडे बघा. अर्धा तास चालवलेली गाडी दहा मिनिटं उभी राहिली तर इंजिन थंड होत नाही. उलट पाणी फिरायचं थांबल्यानं थोडा वेळ आतलं तापमान चढतंच. अशा वेळी निळा दिवा लागलेला दिसला, तर सेन्सर खोटं बोलतोय हे तिथल्या तिथे सिद्ध झालं. दिवा लागला नाही तर सेन्सर अगदीच निर्दोष ठरत नाही, पण संशय कमी होतो.

दुसरी गोष्ट त्याच जागी करायची. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, क्लच दाबलेला. एक्सलेटर तळापर्यंत दाबून धरा आणि सेल्फ मारा. बहुतेक इंजेक्शनच्या गाड्यांत याचा अर्थ कंप्युटर 'पेट्रोल जास्त झालंय' असा घेतो आणि नोझल (पेट्रोल फवारणारे इंजेक्टर) बंद ठेवून नुसती हवा आत घेतो. इंजिननं धरलं की पाय लगेच वर घ्या. असं केल्यावर गाडी नेहमीपेक्षा पटकन चालू झाली, तर जास्तीच्या पेट्रोलनंच ती अडत होती. एका वेळी सेल्फ आठ-दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका आणि मध्ये अर्धा मिनिट थांबा, नाहीतर सेल्फची मोटर जळेल. दुरुस्ती होईपर्यंत पोच देताना हीच युक्ती वापरा, चार-पाच वेळा सेल्फ मारण्याची वेळ येणार नाही.

तिसरी गोष्ट सुट्टीच्या सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना. बॉनेट उघडून रेडिएटरच्या वर जाणारा जाड रबरी पाइप ओळखा. इंजिन चालू करा, तेही उघड्यावर, बंद शेडमध्ये नाही. दर मिनिटाला पाइपला हात लावा. वॉल शाबूत असलेल्या बहुतेक गाड्यांत तो पाइप पहिली काही मिनिटं गारच राहतो आणि मग एकदम तापतो. वॉल नसला तर तो सुरुवातीपासून हळूहळू कोमट होत जातो. तुमच्याकडे वॉल नाही हे माहीतच आहे, तरी एकदा हातानं बघून ठेवा. नवा बसवल्यावर काम खरंच झालं की नाही, हे याच परीक्षेनं कळेल. ओढणी, पदर, लोंबती बाही पट्ट्यापासून लांब. पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू शकतो, त्याच्यात बोट जाता कामा नये. आणि तापलेल्या रेडिएटरचं झाकण कधीही उघडायचं नाही.

आता भाच्याचं काम. चावी बंद असताना सेन्सरचं सॉकेट काढायचं. वायर ओढायची नाही, सॉकेटची क्लिप दाबून काढायचं. सेन्सर कुठला हे कळलं नाही तर तुमच्या मॉडेलचा फोटो इंटरनेटवर बघा. थर्मोस्टॅटच्या घराभोवती पितळी किंवा प्लास्टिकचं बोटभर बोंड, त्याला दोन वायरी (काहींना तीन), असं ते दिसतं. सॉकेटच्या आत उजेड पाडून बघा. पिना चकचकीत हव्यात. हिरवट-पांढरा भुरा दिसला, पिन मागे ढकललेली दिसली किंवा कूलंटचा ओशट ओलावा असला, तर निम्मं निदान तिथेच झालं. कॉन्टॅक्ट क्लिनरचा स्प्रे मारा, वाळू द्या, सॉकेट चार वेळा काढ-घाल करा. लॉकची क्लिप तुटली असेल तर दोरा बांधायचं काम नको, सॉकेट सुटं मिळतं.

मग सेन्सरच्या दोन पिनांवर ओहम मोजा. आकडा कंपनीगणिक थोडा बदलतो, पण साधारण ३० अंशांना दीड ते दोन हजार ओहमच्या आसपास आणि ८० अंशांना तीनशेच्या आसपास येतो. थंड इंजिनावर एकदा आणि फिरवून आणल्यावर एकदा मोजायचं. तापल्यावर आकडा झपाट्यानं खाली आला नाही तर सेन्सर गेला. सेन्सरचे आकडे बरोबर आणि तरी गाडी तसंच वागतेय, तर दोष बहुधा सॉकेट-वायरिंगचा.

याहून सोपा मार्ग आहे, त्याला पाचशे ते हजार रुपये लागतात: ब्लूटूथचा छोटा स्कॅनर. २०१०च्या एप्रिलमध्ये देशातल्या ज्या तेरा शहरांत सगळ्यात आधी बीएस-४ हे धुराच्या प्रदूषणाचं मानक लागू झालं, त्यांत दिल्ली-मुंबईबरोबर आपलं सोलापूरही होतं. ते काही कौतुक नव्हतं, हवा खराब म्हणून घेतलेलं नाव होतं. पण त्यामुळे जुन्या एमएच १३ गाड्याही इतर जिल्ह्यांपेक्षा थोड्या पुढच्या तंत्राच्या आहेत. तुमच्या २०१४च्या गाडीत स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं सॉकेट असणारच. त्यात स्कॅनर खोचायचा, मोबाइलवर अ‍ॅप उघडायचं आणि 'कूलंट टेंपरेचर' नि 'इनटेक एअर टेंपरेचर' (इंजिनात येणाऱ्या हवेचं तापमान) हे दोन आकडे शोधायचे.

रात्रभर उभी गाडी, सकाळी सेल्फ मारायच्या आधी: दोन्ही आकडे जवळपास सारखे आणि बाहेरच्या हवेइतकेच हवेत, दोन-चार अंशांचा फरक चालतो. बाहेर २८ असताना हवेचा सेन्सर २८ आणि कूलंटचा १० दाखवत असेल तर आणखी काही शोधायला नको. उणे ४० दाखवला तर वायर तुटलेली आहे. पुढे गाडी बाहेर काढा. गावात, सिग्नलवर थांबत चालवताना आकडा ८५-९०पर्यंत जातोय, पण पुणे हायवेला लागून वेग धरला की ६५-७०वर घसरतोय, तर तो वॉल नसल्याचा परिणाम, सेन्सर खरं बोलतोय. आणि वरचा पाइप हात लावू देत नाही इतका तापलाय तरी मोबाइलवर ४०च, तर सेन्सर किंवा त्याचं सॉकेट. माझा अंदाज असा की तुमच्याकडे दोन्ही निघेल. पण अंदाजावर पार्ट बदलत गेल्यामुळेच तुमचे आत्तापर्यंतचे पैसे गेलेत, तेव्हा माझ्या अंदाजावरही बदलू नका. आकडा बघा, मग बदला.

तापमान सगळीकडे बरोबर निघालं तर पुढचा संशयित गळका इंजेक्टर, ज्याला मिस्त्री नोझल म्हणतात. गरम इंजिन बंद केल्यावर तो थेंब थेंब गळत राहतो आणि दहा मिनिटांत आत पेट्रोलची वाफ कोंडते. लक्षणं अगदी तुमच्यासारखीच. फरक स्कॅनरवर कळतो. इंजिन नीट तापल्यावर 'लाँग टर्म फ्युएल ट्रिम' बघा, म्हणजे कंप्युटर ठरल्या मापापेक्षा पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा कापतोय तो आकडा. अधिक-उणे १०च्या आत असेल तर ठीक. उणे १५, उणे २० असेल तर कुठून तरी जादा पेट्रोल येतंय आणि कंप्युटर ते कापायचा प्रयत्न करतोय. ते नोझलमधून येऊ शकतं, किंवा टाकीतली वाफ इंजिनकडे नेणाऱ्या पर्ज वॉलमधून. दुसऱ्याची खूण सोपी: पंपावर टाकी भरून निघतानाच गाडी हमखास अडते. तुमच्या बाबतीत तसं होतं का, ते पत्रात नाही. पुढच्या वेळी लक्ष ठेवा. सायलेन्सरच्या वाटेवरचा पुढचा ऑक्सिजन सेन्सर सुस्तावला तरी पेट्रोल वाढतं, पण त्यानं गाडी सुरू व्हायला सहसा अडत नाही.

एक प्लग मात्र आजच काढून बघायला हरकत नाही, इंजिन पूर्ण गार असताना. नवे टाकून फार दिवस झालेले नसतील, त्यामुळे तो सध्याची खरी गोष्ट सांगेल. टोक फिक्या बदामी रंगाचं असेल तर ज्वलन ठीक. मऊ, कोरडी, बोटाला काजळासारखी लागणारी काजळी असेल तर पेट्रोल जास्त. परत बसवताना आधी हातानं फिरवून आटे धरू द्या, मगच पाना. हेड अ‍ॅल्युमिनियमचं असतं, आटे खराब झाले तर तो खर्च पंपापेक्षा मोठा. त्याच वेळी ऑइलची पट्टी काढून हुंगा. पेट्रोलचा वास येत असेल किंवा ऑइल खुणेच्या वर चढलेलं दिसत असेल, तर न जळलेलं पेट्रोल खाली उतरतंय. तसं ऑइल पातळ होऊन बेअरिंगं खातं, म्हणून दुरुस्ती झाल्याबरोबर ऑइल बदलायचं, किलोमीटर भरायची वाट बघायची नाही. हे दुखणं अंगावर काढू नका म्हणण्याचं दुसरं कारण सायलेन्सरमधला, धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. कच्चं पेट्रोल तिथे जाऊन जळत राहिलं की तो आतून वितळतो, आणि त्याच्या किमतीपुढे तुमचा पंप स्वस्त वाटेल.

आता वॉल परत बसवायचा, पण त्याआधी हे विचारायला हवं की मागच्या उन्हाळ्यात गाडी तापली का होती. ते कारण अजून तिथेच असणार, वॉल काढून ते फक्त झाकलं गेलं. तेव्हा एसी चालू करून बघा, बहुतेक गाड्यांत रेडिएटरचा पंखा लगेच फिरायला लागतो. नाही फिरला तर फ्यूज, रिले किंवा मोटर. थंड इंजिनावर कूलंटच्या बाटलीतली पातळी बघा, महिन्याला कमी होत असेल तर गळती शोधा. ऑइलच्या झाकणाखाली दुधट फेस असेल तर हेडखालचं गॅस्केट (सील) गेल्याचा संशय, मग गाडी चालवायचीच नाही. आणि रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी ओतलं जात असेल तर ते आजपासून बंद. आपल्याकडच्या बोअरचं पाणी किती जड आहे, हे तुमच्या नळाच्या तोट्या नि बादलीच्या कडा सांगतील. तोच पांढरा थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आणि सेन्सरच्या टोकावर बसतो. फ्लश करून, तयार कूलंट किंवा डिस्टिल्ड पाण्यातलं कूलंट भरायला सांगा, आणि भरल्यावर हवा काढून घ्यायला स्वतः उभ्या राहा. मिस्त्रींना घाई असते आणि हवा काढायला वेळ लागतो. वॉल आणि सेन्सर दोन्ही बहुतेक लहान गाड्यांना काही शे रुपयांत मिळतात. जेन्युइन घ्या, इथे वाचवण्यासारखं काही नाही.

अ‍ॅव्हरेजचं म्हणाल, तर १२ हा आकडा तुम्ही कसा काढलात ते लिहिलं नाहीत. 'पाचशेचं टाका' या हिशेबानं अ‍ॅव्हरेज कधीच कळत नाही. एका पंपावर नोझल आपोआप थांबेपर्यंत टाकी भरा, किलोमीटर लिहा, रोजच्यासारखी पोच द्या, निम्मी टाकी संपली की त्याच पंपावर तसंच भरा. गेलेले किलोमीटर भागिले आत्ता बसलेले लिटर. एक फेरी हायवेची वेगळी मोजायची असेल तर अक्कलकोटला जाऊन या, जाता-येता ऐंशीच्या आसपास होतात आणि रस्ता सपाट आहे. तुळजापूरच्या वाटेला घाट आहे, तिथला आकडा तुलनेला घेऊ नका.

आणि सतराची अपेक्षाही थोडी खाली आणा. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन तृतीयांश इतकीच ऊर्जा असते, आणि आधीच्या इंधनासाठी बनवलेल्या चारचाकींचं अ‍ॅव्हरेज त्यानं ६ ते ७ टक्के घटेल, असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१च्या आराखड्यातही आहे. आपल्या जिल्ह्यात एवढे साखर कारखाने, त्यामुळे इथेनॉलला नावं ठेवायला जीभ रेटत नाही, पण हिशेब हिशेब असतो. सतरावर एक-सव्वा किलोमीटर त्याचा. टायरमध्ये ३३ ऐवजी २५ हवा असेल तर पाव-अर्धा किलोमीटर तिचा. दहा मिनिटं चालवून पंधरा मिनिटं थांबायच्या पोचेचा थोडा. एक चाक ब्रेकला घासत असेल तर त्याचाही, म्हणून घरी आल्यावर चारही डिस्क-ड्रमजवळ हात नेऊन एखादंच जास्त तापलंय का बघा, न चिकटवता. पण हे सगळं धरूनही सतराचं पंधराच्या खाली जायला नको. त्याखालचं जे काही आहे ते तुमच्या त्या वॉल-सेन्सरच्या भागात शोधायचं.

मिस्त्री बदलायला मी सांगत नाही. प्लगचे आटे न बिघडवता काम करणारा माणूस सहज मिळत नाही. फक्त पुढच्या वेळी 'गाडी धरत नाही, बघा' असं म्हणून चावी देऊ नका. 'थंडीत कूलंट इतकं, हायवेला इतकं, ट्रिम इतका, वॉल आणि सेन्सरचं सॉकेट बघा' असं कागदावर लिहून द्या, आणि काढलेला प्रत्येक जुना पार्ट डब्यात घालून परत मागा.

मला चार आकडे कळवा: सकाळचं कूलंटचं आणि हवेचं तापमान, हायवेवर वीस मिनिटांनंतरचं कूलंटचं तापमान, आणि तापलेल्या इंजिनावरचा लाँग टर्म ट्रिम. सोबत एक्सलेटर दाबून सेल्फ मारल्यावर काय झालं तेही लिहा. नोझल काढून धुवायचे की नाही, ते त्यावरून सांगतो.